फेब्रुवारीतले शंभर रुपये

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. नोकरीला लागून त्याला अजून वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे पगाराची चिठ्ठी तो अगदी बारकाईने वाचतो. (पुढे ही सवय जाते.) "आजी, दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापतात, मग फेब्रुवारीत ३०० का कापले? महिना तर २८ दिवसांचा!" ऑफिसातल्या कुणाची तरी चूक झाली, असं त्याने धरूनच ठेवलं होतं.

चूक काही नाही. आपल्या राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या कराला वरची मर्यादा घातलेली आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली. महिना २०० प्रमाणे बारा महिन्यांचे होतात २४००. राहिलेले शंभर आर्थिक वर्ष संपायच्या आत फेब्रुवारीत घेतात, झालं. एवढं सांगून मी फोन ठेवणार, तर त्याचा पुढचा प्रश्न आला, "पण हे पैसे जातात कुठे?"

आता हे फोनवर कसं सांगायचं? त्यासाठी १९७२ पासून सुरुवात करावी लागते, आणि खरं तर त्याच्याही शंभर वर्षं मागे जावं लागतं. म्हटलं, ब्लॉगवरच लिहिते. घरातले बाकीचेही वाचतील, आणि आमच्या नेहमीच्या वाचकांपैकी कुणी त्या काळात गावाकडे असतील तर भर घालतील.

आधी माझीच एक कबुली. हा कर मी नोकरीत असताना तीस वर्षांच्या वर भरला आणि बहुतेक काळ कुरकुरत भरला. १९७५ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला. पगारपत्रकात एक नवा रकाना आला, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत बराच वेळ चर्चा झाली. लेखनिकाने सांगितलं, "रोजगार हमीसाठी आहे." त्यावर कुणीतरी म्हणालं, "आणि आपली हमी कोण घेणार?" सगळे हसले. मीही हसले. रक्कम किरकोळ होती, पण पगारही तेव्हा किरकोळच होता.

आमच्या शाळेच्या खिडकीतून माळावरचा एक बंधारा दिसायचा. त्याचं काम चालू होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया त्या कामावर घमेली वाहत होत्या. तो बंधारा आणि माझ्या पगारातला तो रकाना यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला कागदावर कळत होतं, पण मनात कधी उतरलं नव्हतं.

*

बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमचा भाग सांगोल्याकडचा, म्हणजे एरवीही पावसाशी फारसं सख्य नसलेला. सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, तिसऱ्या वर्षी त्याने पाठच फिरवली. विहिरी तळाला गेल्या, मग तळही दिसेनासा झाला. जनावरं कवडीमोलाने विकली गेली. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे 'मिलो' म्हणत. त्या भाकरीचा रंग आणि वास ज्यांनी अनुभवला त्यांना वेगळं सांगायला नको. कामावर सुकडी वाटत, ती पोरं मुठीत धरून घरी आणायची.

काम म्हणजे खडी फोडणं, रस्त्यावर मुरूम टाकणं, नालाबांध, पाझर तलाव. मापावर पैसे. ज्यांच्या घरी दहा एकर जमीन होती त्या घरच्या सुनाही डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून खडीवर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आकडा नुसता वाचून काही वाटत नाही, पण त्या उन्हाळ्यात कुठल्याही दिशेला दोन-चार मैल चाललं की हातोड्यांचा आवाज यायचा. तो आवाज मला अजून आठवतो.

पुढच्या जूनमध्ये मी शाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. "बाई, पोराला आज धाडत न्हाई. माज्यासंगं खडीवर येतंय." मी तिला शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्ये खरं हाय, पन आठवड्याचं माप पुरं व्हाया पायजे न्हवं?" एवढं बोलून गेली. त्यावर मला काही सुचलं नाही.

त्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही, हे आज अभ्यासक मान्य करतात, आणि त्याचं मोठं श्रेय या कामांना देतात. हाल झाले नाहीत असं नाही. अतोनात झाले. पण १८७६-७८ साली याच मुलखात जे झालं, ते पुन्हा झालं नाही.

*

दुष्काळ पडला की सरकारने कामं काढायची, ही पद्धत काही १९७२ ची नाही. इंग्रजांनीही काढली होती. १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी खर्च वाचवायला मजुरीचे दर घटवले आणि कामंही दूरदूर नेली, तेव्हा मुंबई इलाख्यातली हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. आज आपण त्याला संप म्हटलं असतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जामागून अर्ज पाठवले. सार्वजनिक काका म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते गणेश वासुदेव जोशी या सभेचे प्राण होते.

पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून इलाख्याइलाख्यांचे दुष्काळ-नियम तयार झाले. फॅमिन कोड म्हणतात तो हाच. कामं केव्हा काढायची, मजुरी किती द्यायची, सारा केव्हा तहकूब करायचा, सगळं त्यात लिहिलेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी काय केलं? हेच नियम मराठीत छापून खेडोपाडी वाटले. म्हणजे, हे तुमच्याच सरकारने लिहिलंय, मागून घ्या! सरकारला याचा फार राग आला. आपलेच नियम लोकांना वाचून दाखवल्याचा एवढा राग यावा, हे मी वर्गात शिकवायची तेव्हा मुलं हसायची.

पण या नियमांत एक गोम होती. सगळी बांधिलकी अधिकाऱ्याची सरकारशी. दुष्काळ 'जाहीर' झाला तर कामं निघणार, आणि दुष्काळ जाहीर करायचा की नाही ते सरकार ठरवणार. खडीवर बसलेल्या बाईच्या हातात काही नाही. तिला काम मिळालं तर ती सरकारची मेहेरबानी.

१९७२ सालच्या दुष्काळी कामांतही मुळात तेच होतं. फरक एवढाच की आता सरकार आपलं होतं आणि निवडणुका होत्या.

*

इथे वि. स. पागे यांचं नाव घ्यायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या बागणीचे. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे तसं पाहिलं तर सत्तेच्या खटपटीपासून बाजूला असलेलं पद. गांधींच्या विचारातला माणूस. तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ च्या सुमारास त्यांनी क्षेत्रविकासाचा एक प्रयोग चालवला होता. त्यात त्यांच्या लक्षात आलं की शेतीसुधारणेच्या कितीही योजना आणा, ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच त्या मिळतात. ज्याच्याकडे नुसते दोन हात आहेत, त्याच्यासाठी एकही योजना नाही. मग त्याला योजना देऊ नका, काम द्या. आणि नुसतं दुष्काळात नको, एरवीही. मागेल तेव्हा.

ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडली. छोट्या प्रमाणावर ती करून पाहिली गेली आणि १ मे १९७२ ला रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. सुरू झाली म्हणायचं एवढंच, कारण त्याच वर्षी दुष्काळाने सगळंच गिळलं, आणि ही योजना त्या मोठ्या दुष्काळी कामांच्या खाली दबून गेली. दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा डोकं वर काढून उभी राहिली. एरवी सरकारी कारभारात पाऊस पडला की कामं बंद होतात. इथे पाऊस पडल्यावरही कामं चालू ठेवायची असं ठरलं, ही मला त्यातली सर्वांत विशेष गोष्ट वाटते. खेड्यात कामं चालू राहावीत म्हणून डाव्या आणि समाजवादी पक्षांनी मोर्चेही काढले होते, हेही विसरायला नको. एकट्या सभापतींच्या सद्‌भावनेने एवढं मोठं गाडं हललं नसतं.

मग प्रश्न आला पैशाचा. त्याचं उत्तर म्हणजे आमच्या पगारपत्रकातला तो रकाना. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर. त्याच्या जोडीला बागायती जमिनीवर, विक्रीकरावर, मोटारींवर अधिभार. आणि जेवढे पैसे असे जमतील तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची. व्यवसाय कराचा मोठा वाटा अर्थातच मुंबईतून येई. शहराने खेड्यातल्या मजुरासाठी कर भरायचा! मुंबईच्या आमदारांनी हे मान्य कसं केलं, याचं पुष्कळांना नवल वाटतं. खेड्यात काम मिळालं तर माणसं मुंबईच्या फुटपाथवर येणार नाहीत, असा हिशेब काहींच्या मनात होता असं म्हणतात. असेलही. कुठल्याही चांगल्या कायद्यामागे चांगल्या माणसांबरोबर थोडे हिशेबी लोकही लागतात.

१९७७ साली या योजनेचा कायदा झाला. राष्ट्रपतींची संमती पुढच्या वर्षी मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. हा भत्ता दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे नाममात्रच. पण त्या एका रुपयाची किंमत वेगळी होती. काम न देणं ही सरकारची चूक आहे, हे कबूल करणारा तो रुपया होता. बाई आणि पुरुष दोघांना एकाच दराने मजुरी. आमच्या गावात शेतावरच्या कामाला बाईची मजुरी तेव्हा सरळ सरळ पुरुषाहून कमी असायची आणि त्याबद्दल कुणालाही काही वाटत नसे. हमीच्या कामावर मात्र माप म्हणजे माप. शिवाय वर्षात किती दिवस काम मिळेल यावर कायद्यात मर्यादा नव्हती. 'मागेल त्याला काम' हे शब्द आपण घोषणा म्हणून इतके ऐकले की त्यांतला 'मागेल' हा शब्द कानाआड झाला. टिळकांच्या माणसांनी जे कागद वाटले होते त्यांत हा शब्द नव्हता.

*

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर आमच्या गावाकडचे नातेवाईकच मला फोन करतील.

खोटी मस्टरं भरली गेली. मेलेली माणसं कामावर आली, मुंबईला गेलेली माणसं गावात खडी फोडू लागली. (एका मस्टरवर आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांचं नाव निघालं होतं. त्यांना स्वतःला ते बऱ्याच उशिरा कळलं.) मजुरी आठवडाआठवडा रखडायची. रस्ते दरवर्षी तेच, आणि दर पावसाळ्यात वाहून जाणारे. कामाच्या मागणीचा अर्ज घ्यायचा, पण पोच द्यायची नाही, म्हणजे पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत. ही युक्ती कुठल्या सुपीक डोक्यातून निघाली कोण जाणे. मजुरांच्या संघटनांच्या कितीतरी मोर्च्यांची मागणी काम नव्हतीच, 'पोच द्या' ही होती. नवीन काम काढायला किमान पन्नास मजूर हवेत असा नियम होता. वाडीवस्तीवरच्या वीस-पंचवीस जणांनी काय करायचं?

तळी झाली, बंधारे झाले, त्यांचं पाणी कुणाच्या विहिरीला उतरलं? ज्याची खाली जमीन होती त्याच्या. पुढे १९९० पासून फळबागाही या योजनेला जोडल्या गेल्या. आमच्या सांगोल्याची डाळिंबं आज सगळीकडे जातात, त्यामागे इतर गोष्टींबरोबर हेही आहे. मला त्याचा आनंदच आहे. पण जिने बांध घातला तिच्या वाट्याला डाळिंबाचं झाड आलं नाही, हेही खरं.

आणि सगळ्यांत वाईट घडलं ते एका चांगल्या निर्णयानंतर. १९८८ साली हमीच्या कामावरची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली. मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी वाढायला हवी होती, ती उलट घसरली. माणसांना काम नको होतं म्हणून नव्हे, तर कामंच कमी काढली जाऊ लागली म्हणून. पुढच्या काळात तर एकीकडे आमच्या पगारातून कर जमत होता आणि दुसरीकडे तो पुरता खर्चच होत नव्हता. हे मी नंतर वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या रकान्याचा खरा राग आला. पैसे कापले म्हणून नाही. कापून पोचवले नाहीत म्हणून. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात बोलणं होतं ते टँकरचं आणि जनावरांच्या छावण्यांचं. हमीच्या कामाचं नाव फारसं कानावर येत नव्हतं. माणसं तोवर ऊसतोडीला गेलेली होती.

*

तरीही ही कल्पना महाराष्ट्राबाहेर गेली. २००५ साली संसदेने राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला. ज्याँ द्रेझ, अरुणा रॉय यांच्यासारख्या ज्या मंडळींनी त्याचा पाठपुरावा केला त्यांच्यासमोर महाराष्ट्राचा अनुभव होता, गुणदोषांसकट. त्या कायद्याने वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांची हमी दिली आणि मजुरीचा भार मुख्यतः केंद्रावर टाकला. २००८ च्या एप्रिलपासून तो सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत आला. महाराष्ट्राने आपला कायदा त्याला जुळवून घेतला आणि शंभर दिवसांवरच्या कामाचा खर्च स्वतः उचलायचं ठरवलं.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवस आहेत. मात्र बहुतेक राज्यांनी खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे, कुठल्या राज्याला किती पैसे ते केंद्र आधी ठरवणार आहे, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं थांबवता येणार आहेत. दिवस वाढले म्हणून काहीजण खूश आहेत, काहीजण चिडलेले आहेत. मला राजकारण फार कळत नाही. पण पैसा आधी ठरला आणि मागणारे नंतर आले, तर त्या 'मागेल' शब्दाचं काय करायचं, हे मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्यांची तक्रार मला घरातूनच माहीत आहे, माझे भाऊ शेतीच करतात. त्यांचीही अडचण खोटी नाही. पण बाईला शेतावर दोन पैसे जास्त मिळायला लागले ते हमीचं काम शेजारी होतं म्हणूनच, हे मी त्यांना दर दिवाळीला ऐकवते आणि ते दर दिवाळीला विषय बदलतात.

गेल्या दिवाळीत गेले होते तेव्हा शाळेच्या मागच्या त्या बंधाऱ्यावर मुद्दाम जाऊन आले. गाळ बराच साचलाय, एका बाजूने दगड निसटलेत, तरी पाणी होतं. माझा एक जुना विद्यार्थी, आता त्याचेच केस पिकलेत, मोटारसायकलवरून चालला होता, मला बघून थांबला. पहिल्याच आठवड्यात ज्याची आई मला शाळेच्या दारात भेटली होती, तोच. म्हणाला, "बाई, त्या कडेचा तिसरा थर आईच्या गँगनं रचलाय. ती असंस्तवर दर पावसाळ्यात बघायला यायची, राहिलाय का गेला."

मी वाकून पाहिलं. तिसरा थर कुठला ते मला काही ओळखता आलं नाही. त्याने उतरून दाखवला.